इंदूरच्या सपाटीवरून सात खिंडी: डोलोमाइट्सच्या सायकल माराटोनाची तयारी कशी करावी?

मल्हारगंज | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, सोडतीत नाव लागलं! जुलैच्या पहिल्या रविवारी ‘माराटोना डलेस डोलोमाइट्स’. घरी अजून अर्धीच बातमी दिली आहे. इटलीला जायचं एवढं कळलंय, सायकलचं सांगायचं राहिलंय.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इटलीच्या उत्तरेला आल्ता बादिया म्हणून खोरं आहे. तिथे १९८७ साली १६६ हौशी सायकलवाल्यांनी मिळून डोंगरातल्या खिंडी पार करायची एक फेरी काढली. आज त्याच फेरीला आठ-नऊ हजार लोक सुटतात आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात, म्हणून सोडत. पहाटे साडेसहाला ला विला गावातून सुरुवात, शेवट कोर्वारा गावात. त्या दिवशी खिंडींतले रस्ते मोटारींना बंद असतात. अंतरं तीन: ५५ किमी (एकूण चढ १७८० मीटर), १०६ किमी (३१३० मीटर) आणि १३८ किमी (४२३० मीटर). मला अर्थातच मोठी करायची आहे.

माझी कुंडली: वय सत्तेचाळीस, वजन ७६ किलो, खुर्चीवरची नोकरी. दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकल फेरी) साडेतेरा तासांच्या आत झालेली आहे, पण ती उज्जैन-देवासकडच्या सपाट रस्त्यावर. रविवारी सिमरोलचा भेरूघाट नाहीतर जाम गेट. अडचण अशी की आपले घाट जिथे संपतात तिथे कुठे पाय जरा तापायला लागलेले असतात. तिकडे एकेक चढ तास-दीड तासाचा. मग इथे राहून तयारी करायची कशी? शनिवार-रविवारी सह्याद्रीत जाऊन येणं परवडणारं नाही. आणि गिअर बदलावे का? सध्या पुढच्या दोन चकत्यांना ५०-३४ दात, मागच्या कॅसेटला (चकत्यांच्या संचाला) ११ ते २८ दात आहेत.

जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनीही लिहावं, नाहीतर धागा चालायचा नाही.

चेन उतरली | सोमवार, रात्री ९.५२

अरे भिया! अभिनंदन! आधी सराफ्यात पार्टी, मग तयारी. गराडू (तळलेला कंद) सुरू झालेत, थंडी संपायच्या आत उरकून टाका.

गिअर-बिअर काही बदलू नका. ३४-२८ वर मी जाम गेट बसून चढतो. पायात दम पाहिजे.

निमाडी | सोमवार, रात्री १०.१५

मल्हारगंज, आधी एक हिशोब करून बघा म्हणजे प्रकरण केवढं आहे ते कळेल. मंडलेश्वर-बडवाहकडचा नर्मदाकाठ समुद्रसपाटीपासून दीडशे-पावणेदोनशे मीटरवर आहे. तुमचं माळव्याचं पठार साडेपाचशे-सहाशेवर. म्हणजे आमच्या निमाडातून तुमच्याकडे चढून यायचं तर चारशे-सव्वाचारशे मीटर. ४२३० मीटर म्हणजे एका दिवसात दहा वेळा निमाडातून माळव्यात चढून येणं. दहा वेळा उतरणंही आलंच.

आम्ही एकदा चढून आलो की महूला पोहे खातो आणि बसने परत जातो.

पेन्शनर पेडल | मंगळवार, सकाळी ६.०५

मुलगा म्युनिकला होता तेव्हा मी ही फेरी केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर गाळून वाचा.

पहिली गोष्ट, ‘सात खिंडी’ ऐकून सात सारखे डोंगर डोळ्यांसमोर आणू नका. पहिल्या चार मिळून सेला पर्वताभोवती एक गोल प्रदक्षिणा होते. कॅम्पोलोंगो (५.८ किमी, सरासरी ६.१ टक्के), पोर्दोई (९.२ किमी, ६.९ टक्के), सेला (५.५ किमी, ७.९ टक्के) आणि गार्देना (५.८ किमी, ४.३ टक्के). एवढं करून माणूस परत कोर्वारातच येतो. ५५ वाल्यांचं तिथेच संपतं. बाकीच्यांनी तोच कॅम्पोलोंगो दुसऱ्यांदा चढायचा. दुसऱ्या वेळी तो ५.८ किमीचा राहत नाही, हे माझं मत. पाटीवर आकडा तोच असतो.

सुरुवातीला गर्दी इतकी असते की पहिल्या कॅम्पोलोंगोवर आपला वेग आपल्या हातात नसतो. पुढच्याचं मागचं चाक बघत चढायचं. त्याचा एक फायदा आहे, उत्साहाच्या भरात कुणाला पळता येत नाही. खरा धोका पोर्दोईला. अराब्बा गावातून वर ३३ वळणं आहेत, चढ एकसारखा, रस्ता गुळगुळीत, हवा थंड आणि डोक्यावर टीव्हीचं हेलिकॉप्टर. सगळ्यांना वाटतं की आज आपला दिवस आहे. मीही तिथे बऱ्याच जणांना मागे टाकलं. ते सगळे मला जियाऊवर परत भेटले. माथ्यावर फाउस्तो कोप्पी या जुन्या इटालियन सायकलपटूचं स्मारक आहे, तिथे थांबून फोटो काढा. दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.

आता जियाऊ. ९.९ किमी, सरासरी ९.३ टक्के, माथा २२३६ मीटर, वळणं २९. सरासरी म्हटलं की आपण समजतो कुठे कमी, कुठे जास्त. इथे कमी असं जवळजवळ नाहीच. सेल्वा दि कादोरे गावातून बाहेर पडलं की रस्ता जो उभा राहतो तो वरपर्यंत. खालचा भाग झाडीतला, तिथे निदान सावली. वळणांना क्रमांकाच्या पाट्या आहेत. पहिल्या काही पाट्या मी वाचल्या, नंतर वाचणं बंद केलं. तोवर ऐंशीएक किलोमीटर आणि पाच खिंडी झालेल्या असतात, सूर्य वर आलेला असतो आणि शेजारी शंभर माणसं असूनही कुणी बोलत नाही. ऐकू येतो तो श्वासांचा आवाज, चेनची करकर आणि जे उतरून चालायला लागलेत त्यांच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायच्या पट्ट्या असतात त्यांची डांबरावर टकटक. ती टकटक फार वाईट. ती ऐकली की आपलाही पाय पेडलवरून निघायला बघतो.

जियाऊनंतर पोकोलपर्यंत उतार आणि मग फाल्झारेगो-वाल्पारोला. ११.५ किमी, सरासरी ५.८ टक्के, पण तोवर पाय कुणाचे आहेत ते कळत नाही. हा रस्ता जुना आहे. बोल्झानो ते कोर्तिना हा डोलोमाइट्समधला मोठा रस्ता १९०९ साली पुरा झाला, पोर्दोई आणि फाल्झारेगो दोन्ही त्यावरच. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रियाची आघाडी इथूनच जात होती. फाल्झारेगोच्या डोक्यावर लागाझुओई नावाचा डोंगर आहे, त्याच्या पोटात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी खोदलेले बोगदे आजही बघता येतात. दुसऱ्या दिवशी रोपवेने वर जाऊन बघा. शर्यतीच्या दिवशी डोंगराकडे मान वर करून बघायचंही त्राण नसतं.

आणि शेवटी एक आगाऊपणा: ला विला गावात ‘मांजराची भिंत’ नावाचा छोटासा चढ ठेवलाय. लांबी काहीच नाही, पण तिरकेपणा १९ टक्क्यांपर्यंत. गावातले सगळे लोक ओरडायला तिथे जमलेले असतात. उतरून चालायची सोय नाही, लाज वाटते.

सह्याद्री नाही म्हणून अडत नाही. कसं ते संध्याकाळी लिहितो, आत्ता भाजी आणायची आहे.

भेरूघाट | मंगळवार, सकाळी ९.३०

पेन्शनर काका, प्रतिसाद जबरदस्त. वाचनखूण साठवली.

चेन उतरली, तुमच्या ३४-२८ बद्दल. नुसता दम म्हणून चालत नाही, आकडेमोड करू. धागाकर्त्याचं वजन ७६, सायकल ९, पाणी-कपडे ३, एकूण ८८ किलो. जियाऊच्या ९.३ टक्क्यांवर ताशी ७ किमीने चढायचं तर साधारण १७० वॅट लागतात. दहा किलोमीटरला सव्वा ते दीड तास. पाच खिंडींनंतर हौशी माणसाला तेवढं जमलं तरी खूप झालं. आता ताशी ७ ला ३४-२८ वर पेडल मिनिटाला ४६ वेळा फिरतं. ३४-३४ वर ५५-५६ वेळा. वॅट तितकेच, पण ४६ ला प्रत्येक फेरीत गुडघ्यावर पाचवा हिस्सा जास्त भार येतो. हे तासभर.

जाम गेटला तुम्ही बसून चढता, कबूल. तिथे तिरकी जागा किती मिनिटांची आहे ते पण सांगा ना.

मल्हारगंज, मागे ११-३४ बसवा. मात्र आधी मागच्या डिरेलरचा (चेन एका दातीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राचा) पिंजरा लांब आहे का ते बघून घ्या. आखूड पिंजऱ्याला ३४ दाती झेपत नाही. चेनही लांब लागेल, जुनीच ठेवली तर पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या दातीवर गेल्यावर डिरेलर ओढून तुटेल.

चेन उतरली | मंगळवार, सकाळी ९.४१

इंजिनिअर आले. मी नाव घेतलं की येतात.

बरं, पाच-सात मिनिटांची असेल. मान्य. पण ३४-३४ म्हणजे पापड लाटण्याचा स्पीड आहे हो. कोणी बघितलं तर?

ग्वाल्हेरची मी | मंगळवार, दुपारी १.२०

तिथे कुणी बघत नाही, सगळे आपापल्या पुढच्या चाकाकडे बघत असतात. माझ्याकडे ३४-३६ होतं आणि त्याच्यावरही मला अजून एक दाती हवीशी वाटली.

मी मधली फेरी केली आहे, १०६ किमीची. इथे ‘अर्थातच मोठी’ वाचलं म्हणून मुद्दाम लिहिते. कोणती फेरी करायची हे घरून निघतानाच ठरवायची गरज नाही, ते रस्त्यात ठरतं. दुसऱ्यांदा कॅम्पोलोंगो चढून अराब्बाला उतरलं की पुढे चेर्नादोई म्हणून एक तिठा येतो. डावीकडे वळलं तर सरळ फाल्झारेगो, म्हणजे मधली फेरी. उजवीकडे वळलं तर कोल्ले सांता लुचिया आणि मग जियाऊ. वेळेची मर्यादा असते, ती उलटली की मोठीचा रस्ता बंद होतो.

मी त्या तिठ्यावर वेळेत पोचले होते. उजवीकडे जाता आलं असतं. पण खालच्या उतारावर माझी बोटं ब्रेकवर नीट मिटत नव्हती, आणि ज्या हातांना ब्रेक दाबता येत नाही ते घेऊन जियाऊ उतरायचा नव्हता. डावीकडे वळले, फाल्झारेगो मजेत चढले, वाल्पारोलाला केक खाल्ला. ३१३० मीटर चढ म्हणजे कमी नाही भाऊ. आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा चढ रोज दहा वेळा केला तरी तीनेक दिवस करावा लागेल इतका.

मोठीच केली पाहिजे हा हट्ट पुरुषांच्या धाग्यांवर फार दिसतो. हे माझं निरीक्षण आहे, भांडू नये.

निमाडी | मंगळवार, दुपारी १.४४

ग्वाल्हेरकर ताईंशी सहमत. +१

बाकी निमाडात हट्टाला जागा नाही, ऊन आहे.

पेन्शनर पेडल | मंगळवार, रात्री ८.१०

सकाळी अर्धवट सोडलं होतं ते पुरं करतो.

लांब चढ नाहीत म्हणून लांब चढाची तयारी होत नाही, हा समज चुकीचा आहे. पायाला डोंगर दिसत नसतो. त्याला फक्त इतकंच कळतं की तासभर सुटका नाही. घाटात ती सुटका मिळते म्हणून आपले घाट कच्चे पडतात. माथा आला की आपण पेडल सोडतो, फोटो काढतो, भुट्टा खातो.

तेव्हा सुटका मिळणार नाही अशी जागा शोधा. मी दोन गोष्टी केल्या. एक, घरी ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) सायकल चढवून आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. वेग असा की शेजारी कोणी असेल तर छोटी वाक्यं बोलता येतील, गप्पा मारता येणार नाहीत. पुढच्या चाकाखाली लाकडी फळी ठेवली की बसण्याचा कोन चढासारखा होतो. कंबरेला याची सवय लागली पाहिजे. जियाऊवर माझे पाय शेवटपर्यंत टिकले, कंबर आधी गेली होती.

दुसरी, उन्हाळ्यातला समोरचा वारा. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा धार रस्त्याला तोंड करून निघायचं, गिअर एक दात जड ठेवायचा आणि दीड तास हँडल सोडायचं नाही. वारा डोंगरापेक्षा इमानदार असतो, वळणावर सूट देत नाही.

महिन्यातून एकदा मात्र खरा घाट हवाच. जाम गेटवरून मंडलेश्वरच्या अंगाला खाली उतरायचं आणि वळून वर यायचं. पुन्हा उतरायचं. अहिल्याबाईंच्या वेळच्या त्या दरवाजात उभं राहून निमाड बघायला छान वाटतं, पण ते शेवटच्या फेरीनंतर. आणि रविवारी जाऊ नका. पावसाळ्यातल्या रविवारी तर मुळीच नाही, तिथे अर्धं इंदूर धुक्यात गाड्या लावून उभं असतं.

नाडीपरीक्षा | मंगळवार, रात्री १०.३०

डॉक्टर म्हणून दोन शब्द. इटलीत अशा फेऱ्यांना वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, आयोजकांच्या नमुन्यावर डॉक्टरची सही-शिक्का. ओळखीच्या डॉक्टरकडून चहा पिता पिता सही घेऊ नका. चाळिशी उलटलेल्याने, विशेषतः खुर्चीवरच्या नोकरीतल्याने, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ट्रेडमिलवरची ताण चाचणी करूनच घ्यावी. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. छातीत जडपणा, चक्कर, डावा हात किंवा जबडा दुखणं असं काही सरावात झालं तर त्याच दिवशी थांबायचं आणि तपासून घ्यायचं, ‘गॅस असेल’ म्हणायचं नाही.

उंचीबद्दल: या खिंडी २१००-२२४० मीटरच्या आहेत, फक्त कॅम्पोलोंगो १८७५. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश असतो. उंचीचा आजार क्वचितच होईल, पण तोच वॅट इंदुरात जेवढा सोपा वाटतो तेवढा तिथे वाटणार नाही. दोन-तीन दिवस आधी पोचा.

उलट मेच्या उन्हात सराव करताना नुसतं पाणी ढोसू नका, मीठही गेलं पाहिजे पोटात. चार-पाच तास फक्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच धोकादायक आहे.

चेन उतरली | मंगळवार, रात्री १०.३६

डॉक्टरसाहेब, सराफ्यातल्या गराडूवर मीठ-मसाला भरपूर असतो. चालेल ना?

नाडीपरीक्षा | मंगळवार, रात्री १०.३८

सायकल चालवून आलात तर चालेल.

बडोदेकर | बुधवार, सकाळी ७.२०

बडोद्याहून डोकावतोय. आमच्याकडे तर भेरूघाटसुद्धा नाही. पावागडला माचीपर्यंतचा रस्ता, तेवढाच चढ. तिथेच वर-खाली करून आमच्या गटातले दोघं फ्रान्सच्या ‘ला मार्मोत’ला जाऊन आले. ती १९८२ पासूनची, ग्लाँदों, टेलेग्राफ, गालिबिए (२६४२ मीटर) आणि शेवटी आल्प द्युएझची २१ वळणं. १७५ किमीच्या आसपास आणि पाच हजार मीटर चढ. तिथे ग्लाँदोंच्या उतारावर वेळ मोजतच नाहीत. त्या उतारावर अपघात झाले, लोक गेले, म्हणून घड्याळ थांबवतात. लोकांनी सावकाश उतरावं हा हेतू.

यावरूनच माझा मुद्दा: इथे सगळे चढाबद्दल बोलताहेत, उताराचं कुणीच नाही. आपल्याकडच्या सायकलवाल्याला उतरता येत नाही. आपण ब्रेक धरून उतरतो कारण समोरून ट्रक, खड्डा, गाय काहीही येऊ शकतं. तिकडे रस्ता बंद, पण पुढे-मागे हजारो सायकली. दहा किलोमीटर ब्रेक दाबून ठेवला तर काय होतं बघा. ८८ किलो वजन ७०० मीटर खाली येताना साधारण ६०० किलोज्यूल ऊर्जा सोडतं. दोन लिटर पाणी उकळायला एवढीच लागते. काही वाऱ्याला जाते, बाकीची ब्रेकमध्ये. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क असेल तर पॅड चकाकी धरतात आणि किंचाळायला लागतात.

वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर जोरात दाबायचा, वळणात सोडायचा. दोन्ही ब्रेक वापरायचे. हात खालच्या हँडलवर, बाहेरचा पाय खाली, नजर वळणाच्या पलीकडे. हे जाम गेटला सकाळी लवकर गेलात तर शिकता येईल. आणि आपली रेघ सोडू नका. मागून येणारा इटालियन आपल्यापासून वीतभर अंतरावरून जाणार आहे, तो गृहीत धरतो की आपण वेडंवाकडं करणार नाही.

ग्वाल्हेरची मी | बुधवार, सकाळी ८.०२

बडोदेकर, अगदी बरोबर. आणि थंडी! सुटायच्या वेळी साडेसहाला थंडीने दात वाजतात, चढताना घाम येतो आणि तोच घाम उतारावर गोठतो. माझी बोटं मिटेनात ती त्यामुळेच. खिशात मावेल असं विंडचीटर, पातळ हातमोजे आणि काढता येणाऱ्या बाह्या न्याच. माथ्यावर थांबून अंगात घालायचं, उतरता उतरता नाही. पाऊस आला तर जुलैतही खिंडीत पाच-सहा अंश होतं. जुने लोक माथ्यावर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा कागद घालतात, तो आजही उत्तम उपाय आहे.

राजगिरा | बुधवार, सकाळी ११.१५

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. आठ-दहा तासांच्या सायकलिंगला तासाला ६० ग्रॅम तरी पिष्टमय पदार्थ जायला हवेत, सवय असेल तर ९० पर्यंत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. म्हणजे नुसत्या केळ्यांवर राहायचं तर दर पंचवीस मिनिटांना एक केळं, कोण खाणार? तिकडे खाण्याची ठाणी भरपूर असतात, पण ठाण्यावर पोचेपर्यंत भूक लागलेली असेल तर उशीर झालेला असतो.

मी सरावात गूळ घालून राजगिऱ्याचे छोटे लाडू नेते, एका घासाचे. चिक्की थंडीत दगड होते, दात जातील. बाटलीत लिंबू-साखर-मीठ. तुमच्या पोटाला जे इथे जून महिन्यात चालेल तेच तिथे खा. नवी एनर्जी जेल त्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका.

लडाखी चहा | बुधवार, दुपारी २.५०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. विमान, व्हिसा, हॉटेल, प्रवेश शुल्क मिळून जेवढा खर्च होईल तेवढ्यात मनाली-लेह दोनदा होईल. तंगलंग ला ५३२८ मीटर आहे, तुमच्या जियाऊच्या दुपटीहून जास्त. आपल्याकडे जगातले सर्वांत उंच रस्ते असताना लोक इटलीला का पळतात?

भेरूघाट | बुधवार, दुपारी ३.३०

प्रश्न रास्त आहे, तुलना नाही. मनाली-लेह मी केलंय. तिथले रस्ते बहुतेक ठिकाणी लष्करी ट्रक चढेल अशा बेताने काढलेत, चढ पाच-सहा टक्क्यांचा, पण हवा पातळ. तिथे परीक्षा फुप्फुसांची असते आणि दिवसाला एकच मोठी खिंड. इथे चढ उभे, हवा पुरेशी आणि सगळं एका दिवसात. दोन्ही वेगळे खेळ आहेत. कसोटी खेळणाऱ्याला ‘वन डे का खेळत नाहीस’ विचारायचं का?

शिवाय धागाकर्त्याचे पैसे आहेत.

पेन्शनर पेडल | बुधवार, संध्याकाळी ६.४०

अजून एक फरक आहे. लेहच्या रस्त्यावर तुम्ही एकटे असता आणि बाजूने टँकर जातो. इथे एक दिवस रस्ता सायकलचा असतो. पोर्दोईच्या रुंद डांबरी रस्त्यावर कडेपासून कडेपर्यंत फक्त सायकली, हे मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलं नाही. त्याचे पैसे देतो आपण, खिंडीचे नाही. खिंडी वर्षभर फुकट आहेत.

चेन उतरली | बुधवार, संध्याकाळी ७.०५

मग हे इंदुरात का नाही होऊ शकत? महू, जाम गेट, मंडलेश्वर, बडवाह, चोरल, भेरूघाट, सिमरोल, परत इंदूर. दोनशेच्या आसपास भरेल. नर्मदेत पाय बुडवून परत.

निमाडी | बुधवार, संध्याकाळी ७.२२

कल्पना झकास. खंडवा रोड रविवारी सकाळी बंद करायला जिल्हाधिकाऱ्यांना विचारायला कोण जाणार? ओंकारेश्वरला जाणारे भाविक आणि महाराष्ट्राकडे जाणारे ट्रक थांबवणार का? आल्ता बादियात दुसऱ्या खोऱ्यातून वळसा घालायला रस्ते आहेत. इथे भेरूघाट अडला की पार बडवाहपर्यंत रांग.

जाम गेटची बाजू मात्र होऊ शकते. सकाळी पाच ते नऊ, महू ते मंडलेश्वर आणि परत. भुट्टेवाल्यांना आधी सांगितलं तर तेच पाण्याची ठाणी चालवतील, नऊनंतर धंदा आहेच त्यांचा. अडीचशे-तीनशे लोकांचं जमेल. १६६ पेक्षा जास्तच झाले की.

भेरूघाट | बुधवार, संध्याकाळी ७.४०

यासाठी वेगळा धागा काढा, इथे अवांतर होतंय. (काढला तर मी आहे. मार्गाचा चढ-उताराचा नकाशा मी करून देतो.)

बडोदेकर | बुधवार, रात्री ९.१५

अवांतर थांबवून कामाचं: सायकल नेणार की तिथे भाड्याने घेणार? नेणार असाल तर पेडल काढा, सीटची उंची चिकटपट्टीने खूण करून ठेवा, डिरेलर खोलून फ्रेमच्या आत बांधा, डिस्कच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा घाला. हवेची छोटी सिलिंडरं सामानात टाकू नका, विमान कंपनीची आधी परवानगी लागते. साधा पंप न्या. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. जवळचे विमानतळ इन्सब्रुक किंवा व्हेनिस, तिथून पुढे डोंगरातला रस्ता.

भाड्याने घेणार असाल तर आत्ताच नोंदवा आणि गिअर विचारून घ्या. सीट आणि पेडल स्वतःची न्या.

मल्हारगंज | बुधवार, रात्री ११.३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. घरीही सांगून टाकलं. ‘चाळिशीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात’ एवढंच ऐकायला मिळालं, म्हणजे होकार समजतोय. ताण चाचणीची वेळ शुक्रवारी घेतली.

सायकल इथूनच नेणार, ओळखीचं जनावर बरं. डिरेलर आत्ता बघितला, आखूड पिंजऱ्याचाच निघाला. म्हणजे कॅसेट, डिरेलर, चेन तिन्ही. शहरात हे काम नीट करणारा मिस्त्री कोण आहे? मागच्या खेपेला एकाने चेन इतकी आखूड कापली होती की मी मोठ्या दातीवर जायचंच सोडलं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, उगाच वाद.

चेर्नादोईच्या तिठ्यावर काय करायचं ते मात्र अजून ठरत नाहीये.

ग्वाल्हेरची मी | बुधवार, रात्री ११.३८

ते आत्ता ठरवायचंच नाही. हेच तर सांगितलं.

भेरूघाट | गुरुवार, सकाळी ६.५०

सामान तुम्ही आणा, मिस्त्री नको. चेन कटर आणि कॅसेट उघडायची किल्ली माझ्याकडे आहे, अर्ध्या तासाचं काम. शनिवारी संध्याकाळी रामबागेत या, रविवारी साडेपाचला महू नाक्यावरून निघून तिथूनच जाम गेटला बघू गिअर बसतात का. चेन उतरली, तुम्हीही या, ३४-३४ एकदा चालवून बघा.

चेन उतरली | गुरुवार, सकाळी ७.१५

येतो. पण काकांनी रविवारी जाऊ नका म्हटलंय ना?

पेन्शनर पेडल | गुरुवार, सकाळी ७.३०

साडेपाचला निघालात तर चालेल. दोन फेऱ्या करून लगेच परत फिरा. मीही येतो, एकच फेरी करीन.